सभापतींची कुस्ती आणि माळावरचा वारा

कोरेमाळच्या हवामान केंद्रात इंदुमती कासार वाऱ्याचे दोन आकडे लिहीत. एक दहा मिनिटांच्या सरासरीचा, दुसरा त्याच वेळातल्या सर्वांत जोरदार झोताचा. वर्षातली मोठ्यात मोठी सरासरी होती ताशी बेचाळीस किलोमीटर, आणि झोत अठ्ठ्याऐंशीचा.

सभापती सर्जेराव मोहोळकरांना शाळेच्या फाटकावर वडिलांच्या नावाची चाळीस फूट रुंदीची पत्र्याची कमान उभारायची होती. अठ्ठ्याऐंशीचा वारा धरला, तर इंजिनिअर वीस फुटांपुढे जायला तयार नव्हता. सर्जेरावांनी इंदुमतींना कचेरीत बोलावले.

"बाई, वारा एक आणि आकडे दोन? कमानीसाठीच्या दाखल्यात बेचाळीसच लिहा. झोत काय, दोन-तीन सेकंदांचा पाहुणा! आला नि गेला."

शाळेची तीनशे पोरं रोज त्याच फाटकातून जात. पण नुसते नाही म्हटले, तर सभापती ऐकणारे नव्हते. इंदुमतींची नजर त्यांच्या मागच्या चांदीच्या गदेवर गेली.

"दादासाहेब, ही गदा जिंकली ती कुस्ती किती वेळ चालली?"

सर्जेराव खुलले. "चांगली दहा मिनिटं! गडी मोठा चिवट, हलता हलेना."

"आणि त्याची पाठ मातीला किती वेळ टेकली?"

"वेळ कसला? डोळ्याचं पातं लवतंय तोवर शिट्टी झाली!"

"म्हणजे दहा मिनिटांची सरासरी काढली, तर गडी उभाच होता. मग गदा त्याच्या घरी पाठवायची का?"

कारकुनांनी हसू दाबत माना खाली घातल्या. सर्जेरावांनी एकदा वळून गदेकडे पाहिले.

"लिहा अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले.

कमान वीस फुटी झाली. वडिलांचे नाव त्यांनी दोन ओळींत बसवून घेतले.