हातमीठ

खाडीत शिरलेले हे दोन दगडी बांध बघून येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो. नाही, ठेकेदार पैसे खाऊन पळालेला नाही. एक बांध आमच्या कोंडखारहून निघतो, दुसरा पलीकडच्या उंबरपाड्याहून, आणि मधोमध दोन हातांचं अंतर ठेवून दोन्ही थांबतात. ते अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. मागे पंचायतीला तिथे फरशी टाकून रस्ता जोडायची हुक्की आली होती. दोन्ही गावांनी मिळून तो बेत हाणून पाडला. एरवी या दोन गावांचं सूर्य कुठे उगवतो यावरही एकमत होत नाही.

तुम्ही रोहित पक्षी बघायला आलात ना? ओहोटी लागल्याशिवाय ते उतरत नाहीत. तोवर बसा इथे सावलीला. मी पोशा म्हात्रे, जन्म मिठागरात गेला, आणि आता सांगण्यापलीकडे दुसरं काम उरलेलं नाही.

माघी पौर्णिमेला आमच्याकडे हातमिठाचा सण असतो. गोडधोड नाही, नवे कपडे नाहीत. त्या वर्षीचं पहिलं मीठ ओंजळीत घ्यायचं आणि ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या ओंजळीत घालायचं. ऐकून तुमच्या सूनबाईंच्या कपाळाला आठी पडली, बरोबर आहे. हातावर मीठ दिलं की भांडण लागतं, हे तुमच्या घरी पाळतात तसं आमच्याकडेही पाळतात. जरा जास्तच पाळतात, कारण आमचं सगळं आयुष्यच मिठात. भांडं खाली ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलून घ्यायचं. वर्षभर आम्ही हेच करतो, आणि त्या एका दिवशी बरोबर उलटं. त्याचं कारण माझ्या बापाने मला बांधावर बसून सांगितलं, ते तुम्हाला सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हे बांध नव्हते, नुसती खाडी होती. कोंडखारात हासूराम नावाचा मीठ पिकवणारा आगरी होता. आईबाप लवकर गेले, त्याला थोरल्या बहिणीने, बामाने वाढवलं. स्वतः न जेवता त्याला भरवलं, असं सांगतात. पुढे बामाचं लग्न पलीकडे उंबरपाड्याला झालं. बाईला दुसरं माहेर नव्हतं, भाऊ हेच माहेर. म्हणून माघीला पहिलं मीठ निघालं की हासूराम त्याची टोपली भरायचा, होडीत घालायचा आणि बहिणीच्या दारात नेऊन ठेवायचा. ती टोपली उचलायची, त्याला पोटभर जेवू घालायची. वर्षानुवर्षं हे चाललं.

एका माघीला त्याला निघायला उशीर झाला. उंबरपाड्याच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत पाणी ओसरत आलं होतं. आणखी थोडा थांबला असता तर होडी चिखलात रुतून बसली असती. बहीण गुडघाभर चिखलात उभी होती, टोपली ठेवायला कोरडी जागा कुठेच नव्हती. घाईघाईत त्याने टोपली सरळ तिच्या हातात दिली. टोपली कलंडली आणि मीठ तिच्या ओंजळीत सांडलं. मग बामा हसली आणि म्हणाली, "आपल्यात कसलं भांडन लागतंय रं?"

लागलं. त्याच वर्षी लागलं.

वैशाखात बामाच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं, मुहूर्त भर दुपारचा. मामाने भाचीला बोहल्यावर आणायचं, तिच्या मागे उभं राहायचं, हे तुम्हाला सांगायला नको. हासूराम नवं धोतर नेसून निघाला आणि नेमका त्या पौर्णिमेच्या उधाणाने मिठागराचा बाहेरचा बांध फोडला. बांध फुटला की एकाचं नाही, अख्ख्या गावाचं मीठ जातं. पिकलेल्या मिठाच्या राशी समोर पडलेल्या, पाणी आत घुसतंय आणि गावात धड माणूस नाही, कारण अर्धं गाव लग्नालाच गेलेलं. हासूराम त्याच नव्या धोतरानिशी चिखलात उतरला. हाताला लागेल तो माणूस धरून त्याने बांध बुजवला. पाणी उतरल्यावर तसाच चिखलाने माखलेला उंबरपाड्याला पोचला, तेव्हा मांडवातली पंगत उठत होती.

भटजींनी तीनदा मामाला हाक मारली होती. शेवटी शेजारच्या कुणा मामाला उभं केलं. माहेरचं एकच माणूस, आणि नेमकं तेच नाही. बामाने चार गावच्या पाहुण्यांसमोर खाली मान घालून दिवस काढला होता. भाऊ दारात दिसला तशी तिचा बांध फुटला. त्याला बोलूही दिलं नाही.

"तुला बांध मोठा झाला ना? मंग आता बांधालाच बहीन म्हन. माज्या दारात पाय ठेवू नको."

हासूराम उंबऱ्यातूनच परतला. तोही तिचाच भाऊ, ताठा कमी नव्हता. मी गावाचं मीठ वाचवलं आणि ही मला उंबऱ्याबाहेर काढते, हे त्याच्या मनातून जाईना. दोन्हीकडची माणसं मध्ये पडली, पण उपयोग झाला नाही. मग लोकांना ती मिठाची गोष्ट आठवली. हातावर मीठ पडलं होतं, आता हे जुळायचं नाही, असं जाणती माणसं सांगू लागली. खरं सांगू? दोघांनाही ते पटलं, कारण सोयीचं होतं. दोष मिठाला दिला की आपल्याला झुकावं लागत नाही.

अशी नऊ वर्षं गेली.

पण माघीच्या सकाळी बामा कालवं काढायचं निमित्त करून किनाऱ्यावर यायची. एकही कालव न काढता इकडे तोंड करून उभी राहायची. हासूरामही बांधाची डागडुजी करायच्या निमित्ताने इकडच्या किनाऱ्यावर. तिचं हिरवं लुगडं त्याला इवलंसं दिसायचं. पाणी चढलं की दोघं आपापल्या घरी जायची. बहिणीच्या हातच्या भातासाठी त्याचा जीव तुटायचा. बायकोने कितीही चांगलं केलं तरी चार घास खाऊन तो ताट सरकवायचा, आणि बिचारीला वाटायचं आपलंच चुकतंय.

दहाव्या माघीला पहाटे तो उठला तो एक विचार घेऊनच. बायकोला म्हणाला, "हातावरच्या मिठानं जुळलेलं तुटतंय ना? मंग आमचं तर तुटलंय. आनखी काय तुटनार?"

मिठागरात गेला आणि वर्षाचं पहिलं मीठ ओंजळ भरून घेतलं. टोपली घेतली नाही. टोपलीतून दिलं की ती माहेरची भेट होते, आणि भेट घ्यायला ती दार उघडणार नव्हती. त्याला मीठच द्यायचं होतं, हातानेच, जसं चुकून दिलं होतं तसंच मुद्दाम. पण उघड्या ओंजळीत मीठ घेतलेल्या माणसाला होडीत कोण घेणार? एकानेही घेतलं नाही. भांडण आमच्या होडीला लागेल म्हणाले. हात भरलेले, तेव्हा स्वतःला वल्हवता येईना. मग तो ओहोटीच्या चिखलात उतरला आणि चालत निघाला.

इथला चिखल तुम्ही पाहिलात. मांडीपर्यंत पाय जातो, हातांनी तोल सावरल्याशिवाय पाऊल निघत नाही, आणि याचे दोन्ही हात छातीशी धरलेले. दोनदा गुडघ्यांवर पडला, पण ओंजळ उघडली नाही. मधल्या धारेपर्यंत पोचायलाच त्याला इतका वेळ लागला की भरती सुरू झाली.

पलीकडून बामाने ते पाहिलं. आधी तिला वाटलं कुणी वेडा आहे. मग चाल ओळखली. तीही चिखलात उतरली, लुगडं खोचायचं भानसुद्धा राहिलं नाही. पण समोर आली आणि दोन हातांवर थांबली. हात पदराखाली घेतले. नऊ वर्षांचा राग असा एका सकाळी जात नाही हो.

हासूरामने ओंजळ पुढे केली. माफी मागितली नाही, बांधाचं नाव काढलं नाही. पाणी दोघांच्या गुडघ्यांना लागलं, मग मांड्यांना.

"पानी चढतंय. माघारी जा," बामा म्हणाली.

"हात भरलेलं घेऊन कसा जाऊ, बाय?"

पाणी कमरेला आलं. ओंजळीवर शिंतोडे पडत होते, मीठ बोटांतून पाझरत होतं. त्याने हात डोक्यावर धरले तर ते कोपरांवरून गळायला लागलं. म्हणे त्या वेळी पाणी कमरेशी येऊन थांबलं, पुढे चढेना. आमच्या बायका तसंच गातात. मी सत्तर वर्षं या खाडीवर आहे, पाणी कुणासाठी थांबलेलं पाहिलं नाही. पण तुम्हाला ते धरायचं असेल तर धरा.

शेवटी बामाचे हात पदराबाहेर आले. त्याच हातांनी त्याला लहानाचा मोठा केला होता, किती वेळ लपवणार? तिने ओंजळ पसरली, त्याने आपली उघडली. आत काही नव्हतं. मीठ सगळं विरघळून गेलं होतं, नुसते ओले तळवे तिच्या तळव्यांवर टेकले. हासूरामला रडू फुटलं. एवढं आणलं आणि रिकामाच आलो, असं तो म्हणू लागला. बामाने आपला तळवा जिभेला लावला.

"मीठ हाय," ती म्हणाली. "पोचलं."

आणि त्याच्या मनगटाला धरून ती त्याला आपल्या किनाऱ्याकडे ओढत घेऊन गेली. त्या दिवशी भातात तिने वेगळं मीठ घातलं नाही म्हणे, तीच ओली बोटं बुडवली. हासूराम तीनदा मागून जेवला.

पुढच्या वर्षापासून दोन्ही गावांनी आपापल्या बाजूने दगड टाकायला सुरुवात केली. दोघं जिथे उभी होती तिथे थांबले. रस्ता जोडला असता तर माणसं गप्पा मारत सरळ पलीकडे गेली असती, हात पुढे करायची पाळीच कुणावर आली नसती. म्हणून अंतर ठेवलं. दोघांनी हात लांबवले तरच मीठ पोचतं, एकाच्या हाताने पोचत नाही. आणि नेम असा की कुणाला निरोप द्यायचा नाही, हाक मारायची नाही. टोकावर जाऊन उभं राहायचं, बस्स. मिळालेलं मीठ त्याच दिवशी भातात घालायचं.

मिठागरं आता बुजली. कुठे भराव पडला, कुठे खारफुटी वाढली. तरी गावाने चार वाफे राखलेत, फक्त या दिवसापुरते. आजही माघीच्या ओहोटीला दोन्ही बांधांवर माणसं ओंजळी घेऊन उभी असतात. ज्याचं माणूस येतं, ते देतं आणि जातं. बाकीची पाणी चढेपर्यंत थांबतात.

मी त्या बाकीच्यांतला. माझी मधली लेक, शेवंती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि मी मांडवात गेलो नाही. माझ्याकडे तर फुटलेला बांधही नव्हता सांगायला. घरात खाटेवर बसून होतो, उगाच. तुम्ही म्हणाल, फोन करा. नंबर आहे, सुनेने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलाय. पण आधी हात पुढे करायचा असतो, आणि तो मी तेव्हा केला नाही. म्हणून अकरा वर्षं टोकावर उभा राहतो.

गेल्या माघीला पाणी घोट्यांना लागलं आणि पलीकडच्या टोकावर एक बाई आली. डोळ्यांनी मला नीट दिसत नाही. मी शेवटच्या दगडापर्यंत सरकलो आणि ओंजळ पुढे केली. जवळ आल्यावर कळलं, ती नाही. उंबरपाड्याची कोणी होती, तिचंही माणूस आलं नव्हतं. तिच्या ओंजळीतही मीठ होतं. मग तिने आपलं मीठ माझ्या ओंजळीत घातलं, मी माझ्यातलं तिच्या. कोणासाठी आलीस, हे मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. "बाबा, पाणी आलं, जपून जा," एवढंच म्हणाली.

घरी येऊन ते मीठ भातात घातलं. बारा महिन्यांत इतका जेवलो नव्हतो.

यंदाही जाणार आहे. कोणाच्या हातात पडेल ते माघीलाच कळेल. उचलताना मात्र मी ते शेवंतीच्या नावानेच उचलतो.