गारजाईचा डावा डोळा

सराणवाडीच्या गारजाई देवीचे दोन डोळे दोन तऱ्हेचे आहेत. उजवा पैलूदार, समई जरा हलली की लखलखणारा. डाव्याला कडेला तेवढे दोन-तीन पैलू, बाकी ओढ्यातली ओबडधोबड गारगोटी. कारागिराने आळस केला की ऐन वेळी पळून गेला, पाहुण्यांना काही उमगत नाही. मग देवळातला म्हातारा नानू गुरव त्यांना पायरीवर बसवतो. "दोन्ही नाही. बसा, घाई कसली आहे?" म्हणतो आणि सुरू करतो.

फार पूर्वी या वाडीत गिरमाजी नावाचा कारागीर होता. गारेला, म्हणजे गारगोटीला, पैलू पाडण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता म्हणे. काडीच्या टोकाला लाखेने खडा चिकटवायचा आणि फिरत्या सराणीवर, म्हणजे घासायच्या दगडी चाकावर, टेकवायचा. एक पैलू पडला की काडी जराशी वळवायची. चाक फिरायला पट्टा ओढावा लागे, आणि तो ओढायची त्याची बायको येसू. दिवसभर पांढरी भुकटी उडे. दोघांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होत.

येसूला खोकला जडला. काढे झाले, अंगारे झाले. शेवटी गिरमाजी देवीला नवस बोलला, "आई, हिचा खोकला जाऊ दे. माझ्या हातचे दोन डोळे तुला वाहीन." आणि गुण येण्याची वाट न पाहता त्याने कामालाच हात घातला. उतावळा माणूस!

उजवा डोळा झाला आणि खोकला वाढला. गिरमाजीला वाटले, देवीला घाई झाली आहे. त्याने दुसरी गार काडीला लावली आणि सराण जोरात चालवली. येसूच्या थुंकीत रक्त दिसू लागले. तेवढ्यात पट्टा तुटला, आणि तो शिवणारा नेमका परगावी लग्नाला गेलेला. सराण बंद पडली. येसू दोन घास जेवू लागली, विहिरीवर जाऊन पाणी आणू लागली. पट्टा शिवून आला, चाक फिरले, खोकला पुन्हा हजर.

आता मात्र गिरमाजीची मती गुंग झाली. देवीचे काम करावे तर बायको हातची जाते, न करावे तर नवस मोडतो. देवी पावली आहे की कोपली आहे? शेजारी म्हणाले, नवस आधी फेड. सासरा म्हणाला, दोन दिवस थांब. कोणाचे ऐकावे?

शेवटी त्याने देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुले लावली. उजवे पडले तर डोळा पुरा करायचा, डावे पडले तर काम थांबवायचे. दोन्ही फुले एकदमच पडली. त्या वेळच्या गुरवाने डोके खाजवले. "आमचाच पूर्वज तो," नानू म्हणतो, "त्याला काय सुचणार!"

गिरमाजी घरी येऊन सराणीपाशी मटकन बसला आणि रडू लागला. येसूने सगळे ऐकून घेतले.

"शेजाऱ्यास्नी इचारलं, आबास्नी इचारलं, देवीलाबी कौल लावला," ती म्हणाली. "मला इचारलं का कधी? चाक फिरलं की माझी छाती कोंडती. थांबलं की मोकळी हुती."

"मग बोलली का न्हाईस, येसू?"

"नवस माझ्यापायी बोललासा. त्यो मी कशी मोडू?"

गिरमाजीने पट्टा उतरवला. अर्धवट गार काडीवरून सोडवली, देवळात नेली आणि तशीच बसवली. "आई, मला काही कळत न्हाई," तो म्हणाला. "ह्यो असाच घे. रागवायचं तर माझ्यावर रागव." येसू पुढे किती जगली, यावर वाडीत एकमत नाही. वरची आळी म्हणते, तिने नातवंडे खेळवली. खालची आळी म्हणते, पुढचा पाडवा तिला दिसला नाही. नानू दोन्ही सांगतो.

आजही सराणवाडीत चाक सुरू करण्याआधी कारागीर पट्टा ओढणाऱ्याला विचारायचे सोडत नाही, "जीव कसा हाय?" आता विजेची मोटर आली, पट्टा ओढायला कोणी लागत नाही. तरी बटणापाशी हात नेऊन तो घरात हाक घालतो आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबतो. एखाद्या सकाळी उत्तर येते, "आज नको." मग खडा काडीवर तसाच राहतो, आणि का म्हणून कोणी विचारत नाही.