चिमटीचं गाठोडं आणि कासवाची पाठ

एवढीशी, एवढुश्शी एक चिचुंद्री होती. नाव तिचं चिमटी. जीव एवढासा, पण ऐट केवढी!

चिमटीला होती पिल्लं. पहिल्याच्या तोंडात आईची शेपटी. दुसऱ्याच्या तोंडात पहिल्याची शेपटी. तिसऱ्याच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी. सगळ्यात मागे टिल्लू. लुटुलुटु, लुटुलुटु, चालली आगगाडी!

थंडीचे दिवस होते. चिमटीने गोधडी उन्हात वाळत घातली. आली शेळी. चर्र चर्र चर्र! काठ खाल्ला. कोपरा खाल्ला. अख्खी गोधडी खाल्ली. वर म्हणते, "ब्यॅऽऽ!"

शेळीला लाज आहे का? मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्लू लागला कुडकुडायला. कुडुकुडु, कुडुकुडु.

चिमटीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण ती रडत बसली नाही. तिच्याकडे होतं एक गाठोडं. शिंप्याच्या दारातून एकेक चिंधी वेचून बांधलेलं.

लाल लाल खणाची चिंधी,
पिवळ्या पिवळ्या परकराची चिंधी,
हिरव्या हिरव्या लुगड्याची चिंधी,
निळ्या निळ्या सदऱ्याची चिंधी!

"आहे का कुणाकडे असं गाठोडं?" चिमटी म्हणाली. गाठोडं घेतलं डोक्यावर. मागे पिल्लांची आगगाडी. लुटुलुटु, लुटुलुटु, गेली ठकूमावशीकडे. ठकूमावशी गोधड्या शिवायची.

"मावशी, मावशी, गोधडी शिव. आजच्या आज शिव. माझ्या टिल्लूला थंडी वाजते."

मावशीने अंगणात चिंध्या मांडल्या. आधी मांडायचं, मग शिवायचं, ही तिची रीत.

पट्ट्या पट्ट्या मांडल्या. पट्ट्या लांब, चिंध्या आखूड. जमेना.

गोल गोल मांडल्या. मधे मधे भोकं. भोकातून थंडी येणार. जमेना.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "चिंध्या तुझ्या देखण्या. पण त्यांना शोभेल अशी नक्षी आण. मगच शिवीन."

चिमटीने डोकं खाजवलं. "कासवाच्या पाठीवर आहे की नक्षी! घराला घर चिकटून. मधे भोक नाही!"

गाठोडं घेतलं डोक्यावर. लुटुलुटु, लुटुलुटु, गेली कासवाकडे.

"कासवदादा, कासवदादा, पाठ दाखव.
मावशी शिवेना,
टिल्लूची थंडी जाईना!"

कासव म्हणालं, "पाठीवर चिखलच चिखल. अशी पाठ चारचौघांत दाखवू? छे! ओढ्याने धुवावी, मगच दाखवीन."

लुटुलुटु, लुटुलुटु, चिमटी गेली ओढ्याकडे.

"ओढ्या, ओढ्या, वाहा ना रे.
कासव पाठ दाखवेना,
मावशी शिवेना,
टिल्लूची थंडी जाईना!"

ओढा म्हणाला, "कसा वाहू? वाटेत म्हैस बसलीये. केवढी ती! म्हैस हलेल, मगच वाहीन."

लुटुलुटु, लुटुलुटु, चिमटी गेली म्हशीकडे.

"म्हशीबाई, म्हशीबाई, हला ना.
ओढा वाहेना,
कासव पाठ दाखवेना,
मावशी शिवेना,
टिल्लूची थंडी जाईना!"

म्हैस म्हणाली, "हूंऽऽ. पाठीला खाज सुटलीये. बगळ्याने किडे टिपावे, मगच हलेन."

लुटुलुटु, लुटुलुटु, चिमटी गेली बगळ्याकडे. बगळा एका पायावर उभा. मान पंखात.

"बगळोबा, बगळोबा, उडा ना.
म्हैस हलेना,
ओढा वाहेना,
कासव पाठ दाखवेना,
मावशी शिवेना,
टिल्लूची थंडी जाईना!"

बगळा म्हणाला, "पंख गारठलेत माझे. सूर्य उठू दे, मगच उडेन."

लुटुलुटु, लुटुलुटु, चिमटी गेली टेकडीवर. चढ केवढा! पाय एवढेसे! हाश्श हुश्श, हाश्श हुश्श, पोचली एकदाची.

"सूर्यनाना, सूर्यनाना, उठा ना.
बगळा उडेना,
म्हैस हलेना,
ओढा वाहेना,
कासव पाठ दाखवेना,
मावशी शिवेना,
टिल्लूची थंडी जाईना!"

सूर्यनाना झोपले होते धुक्यात. म्हणाले, "मी नाही उठणार. ही बघ माझी धुक्याची गोधडी. पांढरी पांढरी. मऊ मऊ. जा तू!"

आता काय? पुढे तर कुणीच नाही!

चिमटीने मागे पाहिलं. टिल्लू कुडुकुडु, कुडुकुडु.

चिमटीने ताठ केली मान. कमरेवर ठेवले हात.

"नाना, तुमची गोधडी नुसती पांढरी. माझं गाठोडं बघा म्हणजे कळेल!"

आणि तिने गाठ सोडली. फर्रर्र!

लाल लाल खणाची चिंधी,
पिवळ्या पिवळ्या परकराची चिंधी,
हिरव्या हिरव्या लुगड्याची चिंधी,
निळ्या निळ्या सदऱ्याची चिंधी!

"बघू, बघू!" सूर्यनानांनी एक डोळा उघडला. धुकं थोडं सरकलं. मग दुसरा डोळा उघडला. धुकं आणखी सरकलं.

"अगं, काय हे रंग! नीट बघू दे मला!" असं म्हणत नाना उठूनच बसले. धुकं गेलं पळून!

सूर्य उठला, लख्ख लख्ख!
बगळा उडाला, फडफड फडफड!
किडे टिपले, टुक टुक टुक!
म्हैस हलली, डुलुक डुलुक!
ओढा वाहिला, खळखळ खळखळ!
कासव न्हालं, डुबुक डुबुक!

आणि कासवाची पाठ? चकाचक! घराला घर चिकटून. मधे भोक नाही.

"हीच!" चिमटी ओरडली. "हीच नक्षी माझ्या चिंध्यांना शोभते!"

कासव लाजलं. मग हळूहळू, हळूहळू चालत मावशीच्या अंगणात येऊन बसलं.

मावशी त्याची पाठ बघायची आणि चिंधी मांडायची. पाठ बघायची आणि चिंधी मांडायची. रंग कुठला कुठे, ते मात्र चिमटी सांगायची.

"लालाशेजारी लाल नको. तिथे पिवळी लाव. हिरवी काठाला. निळी इकडे. इकडे गं मावशी!"

"बरं बाई, तू म्हणशील तसं," मावशी हसली.

सुई चालली सुर्र सुर्र. काठाकडून आत, काठाकडून आत. मधे एक घर उघडं राहिलं.

"गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नाही हं," मावशी म्हणाली. भाकरीचा एक घास आत ठेवला. वर शेवटची चिंधी. टाका. गाठ. झाली गोधडी!

गोधडी बघायला सगळे जमले.

कासव म्हणालं, "नक्षी माझी!"
ओढा म्हणाला, "कासवाला न्हाऊ मी घातलं!"
म्हैस म्हणाली, "मी हलले म्हणून!"
बगळा म्हणाला, "मी उडालो म्हणून!"
सूर्यनाना म्हणाले, "मी उठलो म्हणून!"
मावशी म्हणाली, "आणि टाके कुणाचे? माझे!"

चिमटी उभी राहिली सगळ्यांच्या मधे. छाती फुगवून. नाक वर करून.

"आणि ही नक्षी निवडली कुणी? मी! रंग जुळवले कुणी? मी!"

"तू गं तू!" सगळे म्हणाले.

तेवढ्यात गोधडीखालून एक आवाज आला. बारीक, झोपाळू आवाज.

"आणि ऊब माझी!"

टिल्लू! कुडुकुडु नाही. थरथर नाही. काठ हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि झोपला.

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.