सांडवळ्याची रिकामी ओंजळ

सांडवळ्याला वर्गणी गोळा होत असते तेव्हा बाहेरचा पाहुणा एकदा तरी दचकतोच. गेल्या वर्षी गावच्या सामाईक लोहारसाळेसाठी नवे वेल्डिंगचे मशीन घ्यायचे ठरले आणि गोळा करणारी मंडळी घरोघर निघाली. वेशीजवळच्या खोपटात एक म्हातारी एकटी राहते. तिच्या चुलीला रोज जाळ मिळतो की नाही अशी तिची गत. तिने पदराची गाठ सोडली, चुरगळलेली एक नोट काढली, आणि गोळा करणाऱ्या पोराने ती दोन्ही हातांची ओंजळ करून खुशाल घेतली. बरोबर आलेल्या शहरी पाहुण्यांना ते बघवेना. एक बाई तर बोलल्याच, "अहो, या आजींचं तरी राहू द्यायचं!" तशी ती म्हातारीच त्यांच्यावर उखडली. "का वं बाई? मी काय गावात ऱ्हात न्हाई?"

सांडवळ्यात वर्गणी देणाऱ्याला 'राहू दे' म्हणायचे नाही. श्रीमंताला नाही, गरिबाला तर नाहीच नाही. कोणी मूठभर ज्वारी दिली, कोणी गंजका खिळा दिला, तरी तो ओंजळीत घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. हे कुठून आले असे विचारले की गावातली माणसे गेनूनानांकडे बोट दाखवतात. नाना जातीचे लोहार, वय ऐंशीच्या पुढे, आणि गोष्ट सांगताना मध्ये कोणी तंबाखू मळली तरी त्यांना खपत नाही. त्यांनी सांगितली ती हकीकत अशी.

फार पूर्वी, म्हणजे गाव भैरोबाच्या देवळाभोवती एवढेसे होते तेव्हा, लोहारांची दहा-बारा घरे एका आळीत राहत. प्रत्येकाच्या अंगणात भाता, प्रत्येकाच्या अंगणात छोटी ऐरण. त्या ऐरणीवर विळे, खुरपी, फार तर नांगराचा फाळ व्हायचा. गाडीच्या चाकाला लोखंडी पट्ट्याची धाव चढवायची म्हटली की त्या ऐरणी तोकड्या पडत. मग गाडीवान घाट उतरून पेठेतल्या लोहारांकडे जात, आणि सांडवळ्याचे लोहार पावसाळ्याआधीचे चार महिने विळ्यांना धार लावत बसत. आळीचा जाणता होता सिदबा. त्याच्या हाताला यश होते, शब्दाला वजन होते, आणि आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला चांगले ठाऊकही होते.

एकदा बंदराकडून एक व्यापारी आला. गलबते बांधायच्या जागेवरची एक थोरली ऐरण त्याच्याकडे होती, बैठ्या बैलाएवढी. आळीत कोणाची तिच्यावरून नजर हटेना. पण एकट्यादुकट्याची ती ऐपत नव्हती. व्यापारी म्हणाला, पैका नको, लोखंड द्या. तेव्हा सिदबाने आळी देवळात बसवली आणि तोड काढली. प्रत्येकाने घरची ऐरण द्यायची. सगळ्या ऐरणी मिळून ही एक थोरली ऐरण घ्यायची, तिच्यासाठी सामाईक लोहारसाळ बांधायची, आणि पाळीपाळीने सगळ्यांनी तिथे काम करायचे.

शपथही सिदबानेच सांगितली. घरची ऐरण जो देईल त्यानेच या ऐरणीवर घाव घालायचा. कोणी चोरून घरी ऐरण ठेवली आणि परस्पर गिऱ्हाईक केले तर सगळेच बुडायचे, म्हणून ही अट. रावजी नावाचा एक लोहार होता, बोलायला तिखट, पण मनाचा हळवा. तो उभा राहिला आणि सगळ्यांदेखत डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सिदबा, बाच्या हातची हाय रं ती. दुसरं कायबी माग, देतो. तेवढी ठिवू दे."

सिदबाचेही मन गलबलले होते. पण एकाला सूट दिली तर दहा जण हात पसरतील, असे त्याला वाटले. तो म्हणाला, "नेम सगळ्यांस्नी सारखा." रावजीने दुसऱ्या दिवशी ऐरण आणून दिली आणि कितीतरी दिवस सिदबाशी धड बोलला नाही.

ऐरणी सिदबाच्या अंगणात जमत होत्या. शेवटी शेवटी एका दिवेलागणीला हौसा आली. हौसा ही महादू लोहाराची बायको. महादूला सिदबानेच घण धरायला शिकवले होते, पोटच्या पोरासारखे वाढवले होते. वर्षापूर्वी तो तापाने गेला. मागे हौसा आणि दोन कच्चीबच्ची. नवरा असताना ती त्याच्या समोर उभी राहून घण मारायची, आणि तो गेल्यावर तिने सांडशीही हातात घेतली. बाई लोहारकाम करते म्हणून आळीत कोणी नाक मुरडले नाही, कारण तिच्या विळ्याची धार कोणाच्याही तोडीची होती. त्या संध्याकाळी ती ऐरण डोक्यावर घेऊन आली होती. मान अवघडली होती, चेहरा घामाने डबडबला होता, पण मोठी खूश होती बिचारी.

सिदबाला तिची दया आली. व्यापाऱ्याने फसवले तर? ऐरण खोटी निघाली तर? बाकीचे पुरुष गडी, कुठेही राबून खातील, पण ही पोरे घेऊन कुणाच्या दारात जाईल? आणि खरे सांगायचे तर, आपण एवढे मोठ्या मनाचे आहोत हे त्याला त्या घटकेला फार गोड वाटले. आजूबाजूला कोणी नव्हते. तो म्हणाला, "पोरी, तुझी ऱ्हाऊ दे."

"नगं आबा. सगळ्यांची जाती तशी माझीबी जाऊ द्या."

"मी सांगतो न्हवं? माझ्याकडचा जड घण घालतो तराजूत तुझ्या नावाचा. तुझा वाटा माझ्यात धरला म्हणून समज. जा, घरी ने ती."

हौसा घोटाळली. तिच्या मनाला ते पटत नव्हते. पण सिदबाचा शब्द तिला मोडवेना. तिने ऐरण पुन्हा डोक्यावर घेतली आणि आली तशी घरी गेली. सिदबाने बोलल्याप्रमाणे आपला घण लोखंडात घातला. वजन पुरले. व्यापारी थोरली ऐरण ठेवून निघून गेला, आणि त्याने कोणालाही फसवले नाही.

हे सगळे आळीला सांगायचे सिदबाने ठरवले होते. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेले. सांगायला तोंड उघडले की समोर रावजी दिसायचा.

खंडेनवमीला ऐरणीची पूजा झाली. आळीतल्या प्रत्येकाने एक-एक घाव घालून काम सुरू करायचे होते. सिदबाने भट्टीतून लाल लोखंड काढले. एकेक जण पुढे येऊ लागला. ऐरणीचा नाद असा घुमला म्हणे, की डोंगरावरची गुरे माना वर करून बघू लागली. शेवटी हौसा पुढे आली. पदर खोचलेला, हातात महादूचा घण.

"थांब बाई," रावजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, असे नाना आवर्जून सांगतात. त्याने सकाळीच तिच्या अंगणात ऐरण पाहिली होती आणि त्याच्या काळजात कळ उठली होती. "तुझी ऐरण घरात हाय. म्या बघितली. माझ्या बाची गेली, तुझी कशी ऱ्हायली?"

हौसाने सिदबाकडे पाहिले. तिला स्वतःला एका वाक्यात सांगता आले असते, पण तिला वाटले, आबाच सांगतील. ज्याने सूट दिली त्यानेच बोलावे, ही रीत. ती नुसती म्हणाली, "आबा..."

सिदबाच्या हातात लाल लोखंड होते. ते निवत चालले होते. बोलावे तर रावजीपुढे उभे राहायचे तोंड नव्हते. शपथ सांगणारा आपण आणि मोडणाराही आपणच, हे सगळ्या आळीपुढे कबूल करायचे होते. त्याने हौसाकडे पाहिलेच नाही. निखाऱ्यांकडे पाहत म्हणाला, "नेम सगळ्यांस्नी सारखा."

हौसाने खोचलेला पदर सोडला, डोक्यावर घेतला आणि निघून गेली. तिच्या मागे धावावे असे सिदबाला फार वाटले. पण त्याने ते लोखंड पुन्हा भट्टीत सारले.

पुढे लोहारसाळ जोरात चालली. गाड्यांची रांग लागायची. मोठ्या कामाबरोबर गिऱ्हाइके विळे-खुरपीही तिथेच टाकू लागली, आणि हौसाच्या अंगणातला भाता हळूहळू थंड पडला. सिदबाने दोनदा तिच्या घरी धान्य पाठवले. दोन्ही वेळा ते जसेच्या तसे परत आले. एक दिवस लमाणांचा तांडा गावावरून गेला आणि त्याच्याबरोबर हौसाही गेली. घराचे दार उघडे टाकून, पोरांना आणि ऐरणीला बैलावर लादून.

असे सांगतात, की त्याच दिवसापासून थोरली ऐरण मुकी झाली. घाव घातला की नाद उठेना, ओल्या मातीत धोंडा पडावा तसा आवाज येई. लोखंड घडत होते, काम अडत नव्हते, पण नाद म्हणून नव्हता. कोणी म्हणाले आतून तडकली असेल. कोणी भैरोबाला नारळ फोडला. ऐरण का मुकी झाली हे सिदबाला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुगी आटपताच तो भाकरी बांधून निघाला. बाजारामागून बाजार, घाटामागून घाट असा हिंडला. शेवटी एका परक्या मुलखात, आठवड्याचा बाजार भरला असताना, त्याच्या कानावर एका ऐरणीचा नाद आला आणि त्याचे पाय थांबले. लोहार माणसाला ओळखायला चुकेल, ऐरणीचा आवाज ओळखायला चुकत नाही. चिंचेखाली हौसा विळा घडत होती. थोरला पोर भाता ओढत होता.

तिने त्याला पाणी दिले, भाकरी दिली. मग सिदबाने पागोटे काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "चल पोरी. चुकलो मी. सगळ्यांदेखत सांगतो. पहिला घाव तुझा."

हौसाने पागोटे उचलून परत त्याच्या हातात दिले. "आबा, त्या दिवशी तुमी बोलला न्हाईसा, त्याचा राग कवाच गेला. माणूस भितं. पण त्याच्या आधीचं, त्या दिवेलागणीचं, जात न्हाई. सगळ्यांची ऐरण घेतली, माझीच तेवढी माघारी दिली. म्या मान मोडंस्तवर आणलीवती वं. म्हंजी तवाच तुमी मला आळीतली धरली न्हवती. भिकारीण धरली."

दयेने दिलेले असे कोणाच्या अंगावर उलटेल, हे सिदबाच्या स्वप्नातही नव्हते. तो तिथे बसून रडला, आणि हौसाने त्याला रडू दिले. पण गावी ती आली नाही.

परत आल्यावर सिदबाने आळी देवळात बसवली आणि सगळे सांगितले. रावजी आता भडकणार, असेच सगळ्यांना वाटले. पण रावजी म्हणाला, "मला का न्हाई सांगितलं? ऐरण गेल्याचं दुःख व्हतंच. पर महादूच्या बायकूला उभं ऱ्हाऊ दिलं असतं की म्या." हे ऐकून सिदबाच्या मनाची जी दशा झाली ती कोणी शिव्या घातल्याने झाली नसती.

त्या दिवशी जुनी अट मोडली. लोहारसाळेत कोणीही यावे, काम करावे, काय दिले म्हणून कोणी विचारू नये, असे ठरले. आणि सिदबाने देवावर हात ठेवून दुसरे एक वचन आळीकडून घेतले. सामाईक कामाला जो जे देईल ते घ्यायचे. देणाऱ्याला कधी 'राहू दे' म्हणायचे नाही. स्वतः सिदबाने नंतर घण धरला नाही. उरलेले आयुष्य तो लोहारसाळेत भाता ओढत बसला, आणि रस्त्याने कोणी बाई पोरे घेऊन येताना दिसली की भाता ओढायचा थांबायचा.

मुकी ऐरण लोहारसाळेत अजून आहे. जाणकार म्हणतात, ओतकामात दोष असेल. असेलही. नाना त्यावर वाद घालत नाहीत.

भैरोबाच्या देवळामागे एक मोकळी जागा आहे. जुन्या घराचे जोते तेवढे उरले आहे. हौसा तिथे राहायची. गाव वाढले, जागेला भाव आला, तरी तिथे कोणी घर बांधले नाही. वर्गणी गोळा करणारी मंडळी सगळे गाव फिरून शेवटी तिथे येतात. त्यांतला वयाने मोठा असेल तो जोत्यापुढे ओंजळ पसरतो आणि म्हणतो, "हौसाबाई, तुमचा वाटा द्या." सगळे उभे राहतात. पोरेटोरेही कुजबुजत नाहीत. तिथे द्यायला कोणी नाही हे सगळ्यांना माहीत असते, तरी घाई कोणी करत नाही.

आजही त्या दारातून ओंजळ रिकामीच परत येते. ती मोडायची नाही, असा दंडक आहे. भरलेल्या थैल्या दुसऱ्यांकडे देऊन तो म्हातारा माणूस रिकामी ओंजळ, हौसाचा वाटा म्हणून, तशीच पुढे धरून लोहारसाळेपर्यंत चालत जातो.