वरचा बाण

एकदा एक सोय एका चांगल्या मुलीच्या हातून घडली, आणि त्या सोयीनं एका माणसाचा आवाज कायमचा नेला. ही गोष्ट सांगायला लागलो की श्रोत्यांत कुणीतरी हमखास कुजबुजतं, "आपल्याला कॉम्प्युटरमधलं काय कळणार?" कळेल, कळेल. न कळण्यासारखं तिच्यात काही नाही. कळतं म्हणूनच ती ऐकवत नाही.

गोदावरीकाठच्या एका शहरात एक छोटं वाचाकेंद्र होतं. ज्यांची स्वरपेटी शस्त्रक्रियेनं काढून टाकावी लागणार आहे, असे लोक तिथं आधी येत आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून जात. पुढं त्या ध्वनिमुद्रणांवरून एक यंत्र तयार होई. माणूस त्यात अक्षरं टाकी, आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोले. माणूस मुका झाला तरी घरच्यांच्या कानांवर तोच आवाज पडत राही.

या केंद्राचा प्रोग्रॅम आठल्ये सरांनी लिहिलेला होता. सर म्हातारे, मितभाषी, आणि जुन्या वळणाचे. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि तिच्यापुढं आपण आज्ञा लिहायची. 'ऐकव' आणि त्यापुढं रुग्णाचं नाव लिहिलं की त्याचं ध्वनिमुद्रण वाजे. 'साठव' आणि नाव लिहिलं की सगळ्याची दुसरी प्रत तिजोरीत जाई. 'रिकामं कर' आणि नाव लिहिलं की त्या माणसाचा कप्पा धुवून पुसून मोकळा होई. प्रत्येक आज्ञा प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरापासून हातानं लिहावी लागे. एक अक्षर चुकलं की ओळ फुकट, पुन्हा श्रीगणेशा.

सरांच्या हाताखाली चारुता नावाची शिष्या होती. हुशार, कामाला वाघ, आणि जरा उतावळी. तिला ही लिहालिही असह्य झाली. तिनं सरांच्या प्रोग्रॅमला एक लायब्ररी जोडली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमर लोक एकमेकांसाठी तयार काम लिहून ठेवतात, ते आपल्या कामाला जोडून घेता येतं, त्याला ते लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीनं काळ्या पडद्याला जणू हात फुटले. लिहिता लिहिता ओळीत मागं जाता येऊ लागलं, मधलं अक्षर खोडता येऊ लागलं, खोडलेलं परत आणता येऊ लागलं. आणि सगळ्यांत लाडकी सोय म्हणजे इतिहास. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा पुन्हा समोर येई. आणखी दाबला की त्याच्या मागची. सापडली की एंटर.

केंद्रातल्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. सर एवढंच म्हणाले, "छान जोडलंस. आता बोटं शिकतील." तिला ती शाबासकी वाटली.

बोटं शिकलीच. महिन्याभरात वरचा बाण आणि एंटर ही जोडगोळी चारुताच्या इतकी अंगवळणी पडली की पडद्याकडं नजर जाण्याआधी काम झालेलं असे.

त्याच सुमाराला सदाशेठ केंद्रात येऊ लागले. कांद्याचे व्यापारी. लिलावात त्यांनी बोली दिली की बाजाराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जाई, असा गडी. गळ्यात गाठ निघाली आणि स्वरपेटी काढायचं ठरलं. काचेच्या खोलीत बसून त्यांनी नेमून दिलेली वाक्यं वाचली, आकडे वाचले, मग स्वतःच्या पदरचं सुरू केलं. बायकोला चहा मागितला. हमालाला झापलं. सून गरोदर होती, म्हणून होणाऱ्या नातवंडाला हाक मारून ठेवली. मुलगा झाला तर एक नाव, मुलगी झाली तर दुसरं.

"दोन्ही ठेव गं पोरी," ते चारुताला म्हणाले. "देव कुठलं वापरायला देतो ते बघू. आपला माल तयार पाहिजे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी चारुतानं त्यांच्या कप्प्यातली कच्ची ध्वनिमुद्रणं काढून टाकली. माइक जुळवताना केलेली, खोकल्यानं भरलेली, बिनकामाची. 'रिकामं कर सदाशिव'. प्रोग्रॅम रीतसर बंद केला, चहा घेतला. मग पुन्हा उघडून खरी ध्वनिमुद्रणं त्या कप्प्यात उतरवली, आणि ती जिथून उतरवली ते ध्वनिमुद्रण यंत्रातलं कार्ड केंद्राच्या नियमाप्रमाणं पुढच्या रुग्णासाठी कोरं केलं. दुपारपर्यंत ती ऐकत बसली होती. खाकरणं काढ, पंख्याची घरघर काढ. ती हाक तर तिनं पुन्हा पुन्हा ऐकली, कारण शेवटचा स्वर सदाशेठ लिलावातल्यासारखा लांबवत आणि तो कापला जाऊ नये असं तिला वाटत होतं.

सगळं स्वच्छ झालं तेव्हा तिनं लिहिलं, 'साठव सदाशिव'. आणि प्रोग्रॅम अडकला. खूण लुकलुकेना. वाट पाहून तिनं तो जबरदस्तीनं बंद केला, पुन्हा उघडला, आणि बोटांनी जे शिकलं होतं ते केलं. वरचा बाण. एंटर.

पडद्यावर उमटलं, 'झालं. कप्पा रिकामा आहे.'

आता इथं जरा थांबून ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. ही लायब्ररी आपला इतिहास डिस्कवर लिहून ठेवते खरी, पण फक्त प्रोग्रॅम रीतसर बंद होतानाच लिही, असं चारुतानं तिला सांगून ठेवलं होतं. मधेच प्रोग्रॅमचा गळा दाबला की तो उघडल्यापासून लिहिलेल्या ओळी जातात. दुपारची 'साठव' कुठंच लिहिली गेली नव्हती. वरच्या बाणाखाली सगळ्यांत पुढं उभी होती ती सकाळची ओळ. शेवटी 'सदाशिव' होतं, तेवढं तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यानं टिपलं आणि बोट खाली गेलं. जपून ठेवायला गेली होती बिचारी.

तासाभरानं रुग्णालयातून निरोप आला की शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली.

चारुतानं यंत्रातली डिस्क काढली. पुढचे दिवस तिनं डिस्क घेऊन जाणकारांचे उंबरे झिजवले. जो तो तेच सांगे. हल्लीच्या डिस्का मोकळी झालेली जागा लगेच आतून पुसून घेतात. काही उरलेलं नाही. शेवटचा जाणकार तर तिच्याकडं पाहून हळूच म्हणाला, "ताई, आता फिरू नका."

ती परत आली ती थेट सरांच्या टेबलाशी. प्रोग्रॅम उघडून म्हणाली, "सर, माझ्याच्यानं ही ओळ बघवत नाही. वर गेलं की पहिली हीच येते. या लायब्ररीत एक ओळ इतिहासातून काढून टाकायची सोय आहे. तेवढी मी काढते."

सरांनी तिचा हात बाजूला केला. खुर्ची ओढून बसले. वरचा बाण दाबून त्यांनी ती ओळ स्वतःच पुढं आणली आणि म्हणाले, "काढू नकोस. दुरुस्त कर."

"म्हणजे?"

"जे लिहायचं होतंस ते लिही की. तूच तर सोय केली आहेस."

चारुताला वाटलं, सर थट्टा करताहेत. या वेळी, या माणसानं थट्टा करावी याचं तिला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. तरी ती बसली. खूण ओळीच्या सुरुवातीला नेली, 'रिकामं कर' खोडलं, 'साठव' लिहिलं.

"एंटर," सर म्हणाले.

तिनं दाबलं. पडद्यावर उमटलं, 'साठवण्यासारखं काही नाही.'

"आता वर जा."

बाण दाबला. 'साठव सदाशिव', आत्ताची ओळ.

"अजून एकदा."

बाण दाबला. 'रिकामं कर सदाशिव.' जशी होती तशी. एक मात्रा हललेली नव्हती.

चारुता बघत राहिली. ही लायब्ररी तिनं स्वतः जोडली होती. लायब्ररीचं हे वागणं तिला तोंडपाठ होतं.

सर म्हणाले, "मागची ओळ पुढं आणता येते, तिला हवं तसं वळवता येतं, पण एंटर दाबलं की ती नवी ओळ होते. जुनी आपल्या जागी जशीच्या तशी असते. तू जिला दुरुस्त करत होतीस ती तिची नक्कल होती. एंटर दाबेपर्यंत ही लायब्ररी तुला काय हवं ते देते. मागं जा, खोड, खोडलेलं परत आण. एंटरनंतर तिच्याकडं द्यायला काही नाही, आणि माझ्याकडंही नाही. मी प्रत्येक आज्ञा हातानं लिहायला लावत होतो. तुला ते कष्ट वाटले, आणि ते कष्टच होते. पण 'रिकामं कर' लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला आपण काय करतो आहोत ते कळतं. तिथं पहारा होता. तू तो उठवलास आणि उठवताना मी पाहिलं. ती ओळ काढून टाकलीस तर इतिहासात काय उरेल? सदाशेठ आले, आणि त्यांचा कप्पा आपोआप रिकामा झाला. तसं झालेलं नाही."

चारुतानं विचारलं, "मग मी करू काय?"

"त्यांना जाऊन सांग. मी दाराशी उभा राहीन. बोलायचं तुलाच."

सदाशेठ खाटेवर उशीला टेकून बसले होते. गळ्यात नळी, मांडीवर पाटी. चारुताला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आणलं का?'

तिनं सांगितलं. काही हातचं न राखता, सकाळची ओळ, दुपारची ओळ, बाण, सगळं सांगितलं. माफीसुद्धा मागितली, पण तो शब्द तोंडातून निघताना तिलाच इतका पोकळ वाटला की तो पुन्हा उच्चारला नाही. सदाशेठनी खडू पुन्हा उचलला. मग लिहिलं, 'नावं?'

"तीही गेली, काका."

त्यांनी तळव्यानं पाटी पुसली. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले. त्यांची बायको कोपऱ्यातून उठली, थर्मासमधला चहा कपात ओतला आणि चारुतासमोर धरला. आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं, एवढंच त्या माउलीला सुचलं असावं. चारुतानं तो चहा प्यायला.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, "सर, इतिहासाला मर्यादा असते ना? अमुक इतक्या ओळी झाल्या की जुनी गळते. ती ओळ कधी गळेल?"

"यंत्रातून गळेल," सर म्हणाले. "मर्यादा तूच घातली आहेस, बघून घे. तुझ्यासाठी माझ्याकडं असा आकडा नाही."

पुढं तिनं प्रोग्रॅममध्ये बदल केला. 'रिकामं कर' ही आज्ञा इतिहासात जाणारच नाही, दर वेळी हातानंच लिहावी लागेल, अशी व्यवस्था केली. प्रत्येक आज्ञेनंतर इतिहास लगेच डिस्कवर उतरेल असंही केलं. बैल गेला आणि झोपा केला. झोपा करू नये असं नव्हे. दुसऱ्यांचे बैल असतात. पण आपला गेला तो गेला.

सदाशेठना नात झाली. बारशाचं बोलावणं केंद्रात आलं आणि चारुता गेली, कारण न जाणं तिला अधिक कठीण वाटलं. आत्यानं पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. गिरिजा. काचेच्या खोलीत सदाशेठनी मुलीसाठी ठेवलेलं तेच नाव. मग सवयीनं सगळ्यांच्या माना आजोबांकडं वळल्या. अशा वेळी पहिली हाक त्यांचीच असायची. सदाशेठनी पाळण्यावर वाकून ओठ हलवले. बाळ वर टांगलेल्या चिमण्यांकडं पाहत राहिलं.

तेव्हा त्यांची बायको गर्दीतून चारुतापाशी आली. स्वरात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "पोरी, तू ऐकली होतीस ना त्यांची हाक? आम्ही कुणीच नाही ऐकली. कशी मारली होती, म्हणून दाखव ना."

चारुताला ती हाक पाठ होती. श्वास कुठं घेतला होता तेसुद्धा माहीत होतं. ती पाळण्यापाशी गेली, आणि शेवटचा स्वर बाजारातल्यासारखा लांबवत म्हणाली, "गिरजेऽऽ."

आवाज तिचाच आला. बारीक, शहरी, रडवेला.

तिनं सदाशेठकडं पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, तसं नव्हे म्हणून. मग त्यांनी तिला पुन्हा म्हणायची खूण केली, आणि ती पुन्हा म्हणाली.