कॅमेऱ्याची उंची

“पण बाई, नव्या कॉम्प्युटरला चौसष्टची रॅम पुरेल, की एकदम एकशे अठ्ठावीसचीच घेऊ?”

अभिनंदन चौगुलेने हे विचारलं तेव्हा त्याने पायांतले बूटही काढले नव्हते. सांगलीहून सातारा जिल्ह्यातल्या औंधपर्यंत तो हाच प्रश्न घोळवत गाडी हाकत आला होता.

बर्वेबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या.

“बूट काढ,” बाई म्हणाल्या.

बाईंनी उभी हयात कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या मुलांना घरं काढायला शिकवली. निवृत्त झाल्यावर त्या औंधला डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहायला आल्या. जुने विद्यार्थी येत, प्रश्न विचारत, आणि बरेचदा नुसता चहा पिऊन परत जात. तरी पुन्हा येत.

बाईंची एक रीत होती. वर्गात आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायचं आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायची. घर काढणाऱ्याने आधी माणूस मोजावा, एवढंच सांगायच्या. पुढे कॉलेजने दारं बदलली तेव्हा बाईंनी ती चौकट मागून घेतली आणि सुताराकडून इथल्या दाराला बसवून घेतली.

आज चौकटीकडे बघायचं नाही, असं अभिनंदनने ठरवलं होतं. बूट काढताना बघितलंच. त्याची रेघ खालून दुसरी. तिच्यावर बाकीच्यांची दाटी. आणि सगळ्यांच्या वर, ऐसपैस जागा घेऊन, ऋतुराज मोहितेची.

मेला इथंही वरच, असं त्याच्या मनात आलं.

दोघे एका बाकावरचे. एकाच वर्षी दोघांनी सांगलीत ऑफिसं उघडली. गेल्या दिवाळीपासून मात्र अभिनंदनकडे आलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे चहा प्यायचं आणि घर ऋतुराजकडून काढून घ्यायचं. ऋतुराजकडे नवा कॉम्प्युटर होता. वीटही रचलेली नसताना तो माणसाला पडद्यावरच्या घरातून फिरवून आणायचा. दार उघडायचं, पडदे हलायचे, फरशीवर ऊन पडायचं.

अभिनंदन जळत होता. ऋतुराजचं नाव कुणी घेतलं की त्याचा घास कडू व्हायचा. ऋतुराजच्या ऑफिसवरून जायला लागू नये म्हणून तो लांबचा रस्ता घ्यायचा, आणि लांबून का होईना, पाटी बघून घ्यायचा. याला मत्सर म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. तो त्याला ‘अपग्रेड’ म्हणत होता.

आता एकच घर हाताशी उरलं होतं. आवटीकाकूंचं. रविवारी काकू दोघांचीही घरं पडद्यावर बघणार होत्या आणि त्यातलं एक निवडणार होत्या. हेही गेलं, तर ऑफिसला कुलूप लावून मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मेहुण्याने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

“बाई, सांगा ना. चौसष्ट की एकशे अठ्ठावीस?”

“ऋतुराजकडं किती आहे?”

“बत्तीस.” उत्तर तोंडात तयार होतं.

“पडदा?”

“सत्तावीस इंची. मधून वाकवलेला.”

“ग्राफिक्स कार्ड कुठलं?”

अभिनंदनने तेही सांगितलं. वर कार्डाला पंखे किती आहेत, हेही.

“आणि त्यानं चौसष्ट घेतली तर?”

“म्हणून तर एकशे अठ्ठावीस विचारतोय, बाई.”

बाईंनी मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला…

“चहा घेशील?”

बाईंनी बसल्या जागेवरून हात लांबवला. भिंतीला एक बुटकी फळी होती. तिच्यावरचा चहाचा डबा त्यांनी न उठता घेतला. साखरेचाही घेतला. शेजारीच शेगडी होती, तिच्यावर आधण ठेवलं.

“ही फळी नवी दिसतेय.”

“ऋतुराजनं बसवली. परवा आला होता.”

अभिनंदनला परवा हा शब्द लागला. म्हणजे तोही येतो. आणि येताना ड्रिल मशीन घेऊन येतो. बाईंच्या घरात भोक पाडून जातो आणि सांगतही नाही कुणाला.

“फार खाली बसवलीय,” तो म्हणाला. “भिंतीचं प्रमाण बिघडलंय.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि चहात साखर घातली.

चहा झाला. कप खाली ठेवून बाईंनी पदराला हात पुसले.

“दाखव तुझं घर.”

अभिनंदनने चौरंगावर लॅपटॉप उघडला. आवटीकाकूंचं घर पडद्यावर आलं. दार उघडलं… अडकलं… उघडलं. दिवाणखान्यात झुंबर. छताला कडेने लपवलेले दिवे. गुळगुळीत संगमरवरात झुंबराचं प्रतिबिंब. दर चार पावलांवर घर थबकायचं आणि अभिनंदनच्या कपाळाची शीर उडायची.

“बघितलंत? ह्या डबड्यापायी मी मार खातो. त्याचं कसं लोण्यासारखं चालतं.”

“एवढे दिवे लावलेस तर अडकेलच. प्रत्येकाचा उजेड कॉम्प्युटरला मोजावा लागतो.”

“ऋतुराजकडं याच्यापेक्षा जास्त होते.”

घर पुढे सरकलं. जेवणाची जागा झाली, स्वयंपाकघर आलं.

“थांब.”

अभिनंदनने थांबवलं.

बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. “हे पांढरं काय आहे?”

“फ्रिज.”

“फ्रिजचं काय?”

तो वाकून बघू लागला. “वरची बाजू.”

“तुला घरी फ्रिजच्या वरचं दिसतं?”

अभिनंदनच्या घरी फ्रिजवर काय काय असायचं, ते त्याला हातानेच माहीत होतं. गाडीची किल्ली रोज चाचपून काढावी लागायची.

“नाही.”

“मग इथं कोण बघतंय?”

“कॅमेरा बघतोय, बाई. आपण घरातून चालल्यासारखं दिसायला त्याची उंची द्यावी लागते. सॉफ्टवेअर आपणहून साधारण माणसाच्या डोळ्यांची धरतं. मी जरा वाढवली.”

“का?”

“घर मोठं दिसतं. ऋतुराजच्या व्हिडिओत तेवढीच आहे.”

“त्यानं सांगितलं?”

“तो कसला सांगतोय. ओळखीच्या एकाकडून त्याचा व्हिडिओ मिळवला. दाराच्या उंचीवरून हिशेब करून काढली.”

हे सांगताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. दोन रात्री जागून काढली होती ती उंची.

“ते घर कुणाचं होतं?”

“कवठ्याच्या एका पैलवानाचं.”

“केवढा आहे पैलवान?”

“सहा फुटांच्या वर असेल. दारातून वाकून…”

वाक्य तिथेच राहिलं.

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाईंनी उरलेली मेथी पुढ्यात ओढली.

“आवटीकाकू केवढ्या आहेत?”

अभिनंदन पडद्यावरच्या फ्रिजकडे बघू लागला.

“काय करतात?”

“शिक्षिका होत्या. प्राथमिक शाळेत. पहिल्यांदाच स्वतःचं घर बांधतायत.”

“तुला काय म्हणाल्या?”

“विशेष काही नाही. सगळं तुमच्या मनानं करा म्हणाल्या. फक्त स्वयंपाकघरात स्टूल नको म्हणाल्या. मी ओट्यापुढं बसायला चार उंच स्टुलं ठेवली होती. लगेच काढून टाकली.”

“का नको, विचारलंस?”

“असते एकेकाची आवड.”

बाईंनी एक जुडी संपवली. मग चौकटीकडे मान हलवली.

“तिथं जा. काकू कुठपर्यंत येतात ते हातानं दाखव.”

अभिनंदन उठला. चौकटीजवळ उभा राहिला आणि आठवू लागला. ऋतुराजच्या कार्डाला पंखे किती, हे त्याला झोपेत सांगता आलं असतं. काकू आठवायला वेळ लागला. त्या ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या, आणि त्यांचे पाय जमिनीला टेकले नव्हते… निघताना तो पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो सरळ उभा असता तर त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या असत्या.

त्याने तळहात आडवा धरला. त्याच्या खांद्याच्याही खाली. चौकटीवर एवढ्या खाली एकही रेघ नव्हती.

बाईंनी बसल्या जागेवरून टेप त्याच्याकडे सरकवला.

“मोज. त्यातून डोळ्यांपुरतं कमी कर. कॅमेरा तिथं आण.”

अभिनंदनने मोजलं. आकडा घातला. घर पुन्हा सुरू झालं.

दार उघडलं. झुंबर पार वर गेलं. दिवाणखान्याची मोठी खिडकी आली, आणि तिच्यातून बाहेरची बाग दिसेना. खिडकीचा कठडाच डोळ्यांसमोर आला, वर नुसतं आभाळ. बेसिनवरचा आरसा एवढा वर, की त्यात समोरच्या भिंतीचा माथाच दिसला. स्वयंपाकघरात ओटा छातीशी आला. त्याच्यावरची कपाटं बघायला मान वर करावी लागली असती, आणि त्यांच्या मुठी छताकडे कुठेतरी होत्या.

घर तेच होतं. अभिनंदनने एक भिंतही हलवली नव्हती. आपण कुणाच्या तरी घरात पाहुणे म्हणून आलोय आणि कुणी बसा म्हणत नाहीये, असं त्याला वाटलं.

आणि मग त्याला आठवलं की काकू त्या दिवशी आणखीही बोलल्या होत्या. सासरी आल्यापासून जन्म स्टुलावर चढून डबे काढण्यात गेला, असं काहीसं. एकदा पडल्याही होत्या. मनगट दाखवलं होतं त्यांनी. तो हो हो म्हणाला होता. त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलवर ऋतुराजच्या नव्या ऑफिसचे फोटो.

त्याने पडदा थोडा मिटला.

“बाई…”

बुटक्या फळीवरून बाईंनी मिठाचा डबा घेतला, चिमूटभर मीठ मेथीवर टाकलं आणि डबा जागेवर ठेवला. अभिनंदन फळीकडे बघत राहिला. या वेळी तिच्या प्रमाणाबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं.

“ओटा खाली घेतो,” तो हळू म्हणाला. “खिडकीचा कठडाही. वरची कपाटं काढूनच टाकतो, सगळं हाताशी करतो. रविवारपर्यंत होईल.”

“होईल.”

“त्यांना आवडेल, नाही का?”

“राहून बघतील तेव्हा कळेल.”

तो लॅपटॉप पिशवीत घालू लागला. चेहरा निवळला होता. बाई उठून मेथी धुवायला ठेवून आल्या. अभिनंदन दाराशी गेला, बूट घालायला वाकला, आणि सरळ होताना त्याची नजर पुन्हा चौकटीवर गेली. सगळ्यांच्या वर, ऐसपैस.

बूट तसेच हातात घेऊन तो वळला.

“बाई, पण ऋतुराजनंही काकूंना मोजलंच असेल.”

“असेल.”

“म्हणजे रविवारी तोही ह्याच उंचीवरनं दाखवणार. ओटाही खालीच घेतला असणार त्यानं.” त्याचा आवाज चढत गेला. “मग फरक काय राहिला? त्याचं लोण्यासारखं चालणार आणि माझं अडखळणार. काकू काय बघतील? नाही बाई, आता तर घ्यायलाच लागेल. एकशे अठ्ठावीसच घेतो.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

मग कोनाड्यातला मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि नंबर शोधला.

“साताऱ्यात ओळखीचा दुकानदार आहे. आजच्या आज जोडून देईल.”

अभिनंदन चकित झाला. बाई नको म्हणतील, चार शब्द सुनावतील, असं त्याने धरलं होतं. त्याने बूट खाली ठेवले आणि जवळ येऊन उभा राहिला.

“हॅलो. हो, बर्वेबाई… बरी आहे. एक कॉम्प्युटर हवाय, घराच्या कामाचा. लिहून घ्या. रॅम एकशे अठ्ठावीस. हो, एवढीच. कार्ड तुमच्याकडचं सगळ्यात वरचं. पडदा सत्तावीसपेक्षा मोठा. नाही, सपाट नको, वाकवलेलाच द्या.”

प्रत्येक शब्दाला अभिनंदनची मान डोलत होती. रविवारी ऋतुराजचा चेहरा कसा पडेल, ते त्याला आत्ताच दिसू लागलं होतं. काकूंचा चेहरा त्यात कुठे नव्हता.

बाईंनी मोबाइलवर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे वळल्या.

“बिलावर नाव विचारतोय तो… तुझं सांगू, की ऋतुराजचं?”