गोरजवेळेचा कळप

पूर्वी कंकवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या राज्याच्या कोरड्या कडेला, खडकाळ टेकडीखालच्या गवळ्यांच्या गावात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. पाऊस तिथे उभ्याउभ्या डोकावून जाई. गाव जगत होते ते टेकडीच्या गवतावर.

गावाची एक रीत होती. पावसाच्या तोंडावर गावप्रमुख भद्रवाह टेंभा घेऊन टेकडीवर चढे आणि उरलेसुरले गवत पेटवून देई. राखेवर सरी पडल्या की लुसलुशीत कोंब दिसत. सगळे म्हणत, "पाहा, आगीने कसं हिरवंगार झालं!" लोक तरी कसे असतात! गवत पूर्वी कमरेला लागे, पुढे गुडघ्याला, मग घोट्याला. पण त्या पहिल्या हिरव्या रंगाला सगळे भुलत. टेकडीला शेणही परत मिळत नसे. त्याच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात.

एका उन्हाळ्यात, गुरे गोठ्यात बांधून झाल्यावर, टेकडीवरून धूळ उठली. धुळीतून घंटा वाजत होत्या, खुरांचा आवाज येत होता, पण एकही जनावर दिसत नव्हते. धूळ गावात शिरली, प्रत्येक गोठ्याच्या दाराशी थांबली आणि विरून गेली. आतल्या गाई वासरासाठी हंबरतात तशा हंबरल्या. सकाळी एकीलाही पान्हा फुटला नाही. मग हे रोजचेच झाले.

गावाची पाचावर धारण बसली. भद्रवाह म्हणाला, "टेकडी कोपली आहे. यंदाच्या आगीत तिला दुभती गाय द्यायची." गाय ठरली उत्पलेची. ती विधवा, तिची बाजू घेणारे कोणी नाही. म्हणूनच ठरली, दुसरे काय!

उत्पला सोमिलाकडे धावत आली. "दादा, माझी कपिला गेली तर लेकरांच्या तोंडात काय घालू?"

"थांब जरा," सोमिल म्हणाला. "ते धुळीतले येतात कशाला, हे त्यांना कोणी विचारलं आहे का?"

त्या संध्याकाळी गावाने दारे लावून घेतली. सोमिल एकटा गल्लीत उभा राहिला. त्यालाही भीती वाटत होती. धूळ आली, त्याच्याभोवती दाटली, आणि एक खरखरीत जीभ त्याचा तळहात चाटू लागली. त्याने हात पाहिला. लाळ नव्हती, कोरडी माती होती.

"तुम्हाला काय हवं आहे?" त्याने विचारले.

"आम्ही याच टेकडीवर चरलो," धुळीतून आवाज आला. "तिथंच मेलो, तिथंच माती झालो. गवत हे आमचं पांघरूण. ते तुम्ही जाळता. उघड्या मातीला झोप लागत नाही, सोमिला. वारा आम्हाला उठवतो, मग आम्ही घरी येतो."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना कपिलेला टेकडीवरच्या खुंट्याला बांधले. सोमिलाने ऐकलेले सगळे सांगितले.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" भद्रवाह ओरडला. "आग नाही लावली तर यंदा गुरं काय खातील?"

सोमिल वाद घालत बसला नाही. त्याने कपिलेचे दावे सोडले, आपल्याच कमरेला बांधले आणि वाळल्या गवतात बसला. "टेकडीला जीवच हवा असेल तर माझा घ्या, काका. गाय सोडा."

तरीही भद्रवाहाने टेंभा टेकवलाच. गवत पेटले. इतक्यात वरून धूळ लोटली. ती ज्वाळांवर बसली, गाय बसते तशी, जड आणि सावकाश, आणि आग विझली. अंधारलेल्या धुळीत एक फुटकी घंटा भद्रवाहाच्या अगदी कानाशी वाजली.

भद्रवाहाने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "ही माझ्या धवलीची घंटा! मीच बांधली होती. गेल्या साली चाऱ्यावाचून मेली ती." तो लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तिथे आग लागली नाही. लोकांनी उतारावर आडव्या दगडांच्या रांगा रचल्या, म्हणजे पाणी आणि माती अडेल. शेण टेकडीला परत दिले. गवत कापताना मूठभर बुडखा राखला. निम्मी टेकडी आळीपाळीने चराईला बंद ठेवली. पहिले वर्ष फार कठीण गेले. झाडपाला घालून गुरे जगवली, आणि सोमिलाने आपली बरीचशी गुरे दूर नदीकाठच्या सोयऱ्यांना देऊन टाकली. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत गवत पुन्हा कमरेला लागले. संध्याकाळी धूळ यायची थांबली.

कापणीला उत्पला विळा घेऊन वर गेली आणि थबकली. उभ्या गवतात जागोजाग, गाय बसून उठावी तसे गवत दबलेले होते. तिने एका जागी हात ठेवला. जमीन उबदार होती. तेवढ्या जागा सोडून तिने कापले.

विहाराचे अंगण खरवडून खरवडून उघडे करणाऱ्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. मग म्हणाले, "तेव्हाचा भद्रवाह तो तू. उत्पला म्हणजे रोज दाराशी दूध आणून देणारी ती उपासिका. सोमिल मी होतो. जे दिसत नाही, त्याचंही दुःख ऐकून घेणं, ही करुणा."

भिक्खूने हातातला झाडू खाली ठेवला. "आणि भगवन्, तो कळप?"

शास्त्यांनी त्याच्या पायाखालच्या उघड्या मातीकडे पाहिले. "हळू बोल," ते म्हणाले. "त्यांना झोपू दे."